आधी 'विचर ३' की आधी 'रेड डेड २'?

सेल लागला की हे दोन गेम बऱ्याचदा एकदमच स्वस्त होतात. मग प्रश्न पडतो, एकच घ्यायचा तर कोणता? 'द विचर ३: वाइल्ड हंट' पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा, २०१५चा. 'रेड डेड रिडेम्प्शन २' रॉकस्टारचा, २०१८चा. दोन्ही ओपन वर्ल्ड (म्हणजे मोकळ्या जगात हवं तिथे भटकायचे), दोन्हींत घोडा, दोन्हींत आठवडेच्या आठवडे पुरेल एवढी गोष्ट. तरी एकात जीव रमला म्हणून दुसऱ्यात रमेलच असं नाही, कारण गोष्टीतला निर्णय एकात तुमच्या हाती आहे आणि दुसऱ्यात नाही.

विचरमधलं ब्लडी बॅरन या सरदाराचं प्रकरण घ्या. तुम्ही खेळता तो गेराल्ट, पैसे घेऊन राक्षस मारणारा 'विचर'. त्याला लेकीसारख्या वाढवलेल्या सिरीचा माग हवाय, बॅरनला त्याची हरवलेली बायको आणि मुलगी. आधी तो गप्पिष्ट, दिलदार यजमान वाटतो. घरातल्या खुणा तपासता तपासता कळतं, की हा दारू पिऊन बायकोला मारायचा. तिचा गर्भ पडला आणि विधी न करता पुरलेलं ते बाळ आता बॉचलिंग नावाचं पिशाच्च होऊन फिरतंय. त्याला तलवारीने संपवायचं, की बापाने नाव ठेवून उंबरठ्याखाली पुरायचं? मी दुसरी वाट धरली. तो दांडगा माणूस अंधारात ते हिडीस पोर उचलून चालतो, ते बिथरलं की गेराल्ट ॲक्सी या जादूच्या चिन्हाने त्याला शांत करतो. बॅरनची कीव करावी की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पुढे एका टेकडीवर, झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याबाबत तुम्ही जे ठरवता त्याने याच कुटुंबाचा शेवट बदलतो. ठरवताना त्याची कल्पनाही नसते.

सिरीचं काय होणार हेही तलवारबाजीवर ठरत नाही. मोजक्या प्रसंगांत तुम्ही तिच्याशी कसे वागलात, यावर ठरतं. ती खचलेली असताना तिच्याबरोबर बर्फाचे गोळे फेकत खेळलात का, हेसुद्धा त्यात धरलं जातं. बाप होणं म्हणजे काय हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारा दुसरा गेम मी खेळलेलो नाही.

रेड डेडमधला तुमचा नायक, दरोडेखोर आर्थर मॉर्गन, याचा रस्ता मात्र आखलेला आहे. भलं वागा की बुरं, ऑनर, म्हणजे तुमच्या वागण्याचं मोजमाप, वरखाली होईल, शेवटाकडचे काही प्रसंग बदलतील. पण १८९९ साली आर्थरचा म्होरक्या डच व्हॅन डर लिंड याच्या टोळीची जी उतरण लागली आहे ती थांबवणं तुमच्या हाती नाही. तरीही, दोघांपैकी माणूस म्हणून मला आर्थर जास्त जवळचा. तो फार बोलत नाही. त्याची वही उघडा: पाहिलेले प्राणी, भेटलेली माणसं यांची चित्रं आणि खाली स्वतःबद्दलचे कडू शेरे. तळावर शेकोटीपाशी नुसतं बसलात तरी भांडणं, गाणी, कुरबुरी कानावर पडत राहतात. सुरुवातीला टोळीच्या सावकारीची वसुली आर्थरच्या गळ्यात पडते. तेव्हा ती किरकोळ कामगिरी वाटते. ती विसरू नका, एवढंच सांगतो.

रेड डेडमध्ये खटकतं ते मिशनचं. जग एवढं मोकळं, पण मिशन सुरू झालं की दिलेल्या वाटेवरून जरा ढळलात तर लगेच 'फेल'. मागच्या बाजूने शिरायची युक्ती सुचली तरी उपयोग नाही. वेगही मुद्दाम संथ: कातडं सोलणं, कपाट उघडून एकेक वस्तू उचलणं, सगळं पूर्ण बघावं लागतं. मला त्यात गोडी वाटते, अनेकांना कंटाळा येतो. विचरचे दोष वेगळे. गेराल्टची हालचाल जडशीळ, एरेडिन हा खलनायक फिका, आणि स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशावर पसरलेली प्रश्नचिन्हं निव्वळ वेळखाऊ. ती खुशाल सोडा.

पीसीवर रेड डेडला १५० जीबी जागा मोकळी करावी लागते, विचरचं ५० जीबीत भागतं. मराठी-हिंदी सबटायटल्स दोन्हींत नाहीत. विचरमध्ये लढाई अगदी सोपी करून फक्त गोष्टीसाठी खेळता येतं.

नोकरीवरून येऊन रात्री तासभरच मिळत असेल तर विचर घ्या. त्यातली बरीच प्रकरणं एकदोन बैठकींत पुरी होतात आणि त्यांचा विचार दुसऱ्या दिवशी ऑफिसातही पाठ सोडत नाही. रेड डेड दिवाळीच्या सुट्टीसाठी राखा, हेडफोन लावून खेळायला. आणि सुरुवातीच्या, कोल्टर या डोंगरातल्या वस्तीच्या बर्फात कंटाळून तो बंद करू नका. खाली उतरून व्हॅलेंटाइन गावात पोचा, टोळीतल्या लेनीबरोबर दारूच्या गुत्त्यात एक रात्र काढा, आणि मग पुढे खेळायचं का ते ठरवा.