भटजींचं लग्न आणि सत्यशोधक लग्न

दोन्हीकडे मंगलाष्टका आहेत, अक्षता आहेत, जेवणावळ तर आहेच. फरक आहे तो बोलतं कोण, यात.

नेहमीच्या लग्नात नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना गप्प उभे. ‘शुभमंगल सावधान’ गुरुजी म्हणणार, संस्कृत मंत्रही तेच सांगणार. कन्यादानात मुलगी ‘दिली’ जाते. (कान पिळायला मेव्हण्याला मात्र पूर्ण मुभा!) सप्तपदी असलेलं लग्न कायद्यानेही सातव्या पावलाला पूर्ण होतं.

जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. पुरोहित नाही, हुंडा नाही. त्यांनी रचलेल्या मंगलाष्टका मराठीत आहेत आणि त्या वधूवरांनीच म्हणायच्या. त्यात वधू म्हणते, आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा स्त्रियांचे हक्क देण्याची शपथ घे. वर सगळ्यांसमोर ती घेतो. दीडशे वर्षांपूर्वी भरमांडवात हे म्हणायला धाडस लागत असणार. मला तर आजच्या हॉलमधल्या कितीतरी लग्नांपेक्षा हेच पुढचं वाटतं.

थाटात जुनी पद्धत सरस. रुखवत, सीमांतपूजन, मानपान, सगळी हौस फिटते. खर्चात सत्यशोधक केव्हाही स्वस्त. कागदोपत्री मात्र जपावं: तमिळनाडूतल्या स्वाभिमान विवाहांसाठी (तिथली पुरोहिताविना लागणारी लग्नं) हिंदू विवाह कायद्यात ‘७अ’ हे खास कलम आहे, आपल्याकडे तसं नाही. म्हणून लग्न लागलं की नोंदणी लगेच उरकून घ्यावी.