एकच डिस्क विभागायची की दुसरी बसवायची?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. तेव्हापासून जुना कॉम्प्युटर असलेले ओळखीचे लोक एकच विचारतात: विंडोज ठेवून शेजारी लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचंय, तर आहे तीच हार्ड डिस्क विभागू की नवी घेऊ? विंडोज पुरतं सोडणं इथं कोल्हापुरात बऱ्याच जणांना जमणारं नाही. उद्यमनगरातल्या वर्कशॉपची ड्रॉइंग ऑटोकॅडमध्ये, दुकानाचा हिशेब टॅलीत, पत्रिका छापणाऱ्याचं सगळं काम कोरलड्रॉ आणि श्रीलिपीत. म्हणून दोन्ही हवंच.

माझं मत आधीच सांगतो. मशीनमध्ये जागा असेल तर दुसरी डिस्क बसवा.

एकाच डिस्कचे भाग पाडायला पैसे लागत नाहीत, हा त्याचा खरा मोठा फायदा. २५६ जीबीची एसएसडी आणि एकच स्लॉट असलेल्या लॅपटॉपला दुसरा पर्यायही नसतो. पण काम दिसतं तितकं सरळ नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून श्रिंक (आकार कमी कर) म्हटलं, की १०० जीबी मोकळी दिसत असतानाही ते कधीकधी १०-१२ जीबीच देऊ करतं. पेजफाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोअर पॉइंट हे विंडोजचं स्वतःचं सामान ड्राइव्हच्या मध्येच ठाण मांडून बसलेलं असतं आणि विंडोज चालू असताना ते हलत नाही. या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, मग आकडा पाहा. बहुतेक वेळा तो चांगलाच वाढलेला असतो.

डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायच्या दोन पद्धती आहेत, जुनी एमबीआर आणि नवी जीपीटी. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर आणखी एक अडचण येते. तिथं प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे मुख्य भाग) चारच होतात, आणि कंपनीनं तयार करून दिलेल्या लॅपटॉपमध्ये ती चारही आधीच भरलेली असू शकतात. पाचवं करायला गेलात तर विंडोज डिस्क ‘डायनॅमिक’ करू का असं विचारतं. तिथं ‘हो’ म्हणू नका. लिनक्सचा इन्स्टॉलर तशा डिस्कवर अडतो आणि मागं फिरणंही सोपं नसतं. जीपीटी डिस्कवर ही कटकट नाही.

दुसऱ्या डिस्कला पैसे लागतात, पण विंडोजच्या डिस्कला हातच लावावा लागत नाही. डेस्कटॉप असेल तर लिनक्स टाकताना विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा. काही इन्स्टॉलर बूटलोडर (मशीन सुरू होताना सिस्टिम उठवणारा छोटा प्रोग्राम) पहिल्या डिस्कवरच नेऊन टाकतात, ते त्यानं टळतं. पुढं एक डिस्क बिघडली तरी दुसरीवरून मशीन सुरू होतं. लॅपटॉपसाठी खरेदीआधी खालचं झाकण उघडून पाहा. एम.२ स्लॉट (छोटी एसएसडी बसवायची खाच) साटा आहे की एनव्हीएमई, या जोडणीच्या प्रकारावर कोणती एसएसडी चालेल ते ठरतं. डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ती काढून त्या जागी कॅडी (डिस्क धरणारी चौकट) बसवता येते, फक्त जाडी ९.५ मिमी की १२.७ मिमी ते मोजून घ्या. बाहेरून यूएसबीनं जोडलेल्या डिस्कवरूनही लिनक्स चालतं. शिकायला ठीक, रोजच्या कामाला नको.

आता डेटा हलवण्याचं. माझा सगळा जीव यात आहे, कारण फटका मला इथंच बसला. आषाढातली दुपार होती. डेस्कटॉपवर डी ड्राइव्ह उजवीकडं सरकवून मधे जागा करत होतो. पार्टिशनची सुरुवात हलली की आतला सगळा डेटा नव्या जागी उतरवला जातो, त्याला तासन्‌तास लागतात. पट्टी निम्म्यावर होती आणि लाइट गेली. यूपीएस नव्हता. आईबाबांचे रंकाळ्यावरचे जुने फोटो स्कॅन करून ठेवले होते, ते गेले. मूळ प्रती आधीच वाळवीनं खाल्ल्या होत्या.

म्हणून आधी डेटा बाहेर, मग डिस्कला हात. आणि पार्टिशनची सुरुवात हलवूच नका: सी उजव्या टोकाकडून कमी करा, सुटलेल्या जागेत लिनक्स टाका. २०० जीबी मोठ्या फाइली यूएसबी ३ च्या साध्या हार्ड डिस्कवर उतरायला साधारण अर्धा-पाऊण तास, यूएसबी २ वर दोनेक तास. बारीक फोटो असतील तर वेळ आणखी धरा. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीहून मोठी फाइल जात नाही. कॉपी झाल्यावर दोन्हीकडची फाइलींची संख्या जुळवा, चार-पाच फाइली उघडून पाहा. ती बॅकअप डिस्क वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्या घरी ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात किती आत आलं होतं, हे इथं कुणाला सांगायला नको.

दोन्हीकडून वापरायच्या फाइलींसाठी एक वेगळं एनटीएफएस (विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट) पार्टिशन बरं. एक्सफॅटही चालतं, पण त्यात जर्नल (अर्धवट राहिलेले बदल सावरायला ठेवलेली नोंद) नसतं, त्यामुळं लाइट अचानक गेली की ते जास्त बिघडू शकतं. लिनक्सचं होम (तुमच्या फाइलींचा फोल्डर) मात्र एक्स्ट४ या लिनक्सच्या फॉरमॅटवरच राहू द्या, एनटीएफएसवर फाइलींच्या परवानग्यांचा घोळ होतो. विंडोजचा फास्ट स्टार्टअपही बंद करा. तो चालू असला की विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्स ते पार्टिशन फक्त वाचायला देतं किंवा उघडतच नाही. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून घ्या.

सगळं नीट झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागं दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की दोघांचं जुळतं.