सांगोल्याची डाळिंबं, सोलापूरचा बाजार: पिकअप घ्यावी की जुनी अल्टो?

पैसा एकाच गाडीपुरता असेल, तर आधी वर्षात किती दिवस माल भरून जायचंय ते मोजा. बाकी सगळं त्यानंतर.

सांगोला ते सोलापूर मार्केट यार्ड, येऊन-जाऊन साधारण 170 किमी. 20 किलोचे 55 क्रेट, क्रेटचं स्वतःचं वजन धरून, 1.3 टनी पिकअपच्या हौद्यात नियमात बसतात. लिटरला 12 किमी आणि डिझेल 90 रुपये धरलं, तर फेरीला 1275 रुपये, म्हणजे क्रेटमागे 23. अल्टोत मागचं सीट पाडून सहा क्रेट नीट बसतात. 18 चं अॅव्हरेज आणि 105 रुपयांचं पेट्रोल धरलं तर फेरी 990 रुपयांत होते, पण क्रेटमागे 165 पडतात! शिवाय रोज याहून जास्त वजन लादलं की मागच्या स्प्रिंगा बसतात, शॉकअप गळतात, क्लचप्लेट लवकर जाते. खाजगी कारच्या विम्यात व्यापारी माल वाहणं बसत नाही. अपघात झाला तर क्लेम तिथंच अडकतो.

पिकअपचा खर्च मात्र ती दारात उभी असली तरी चालूच राहतो. जून 2022 च्या दरांनुसार 7500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 16,049 रुपये, तर 1000 सीसीखालच्या कारचा 2,094, कर वेगळा. पासिंग, म्हणजे आरटीओची गाडीची तपासणी, पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, म्हणून आर.सी.वर तो आकडा आधी बघा. लायसन्सची काळजी नको, कारचं चालतं. रिकामी पिकअप मागून उडते आणि पावसात ब्रेकला घसरते, कारण वजनासाठी बनवलेले पाटे (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) रिकाम्या गाडीत दबतच नाहीत. घरच्या लग्नाला हौद्यात माणसं बसवणं बेकायदा. केबिनमध्ये ड्रायव्हरसह दोघं-तिघंच.

जुनी पिकअप बघताना खाली वाकून चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, वेल्डिंग आहे का पाहा. पाटे सपाट झाले असतील किंवा प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, हातानं हलत असेल, तर गाडी ओव्हरलोडवर चाललेली असण्याची शक्यता जास्त, कितीही चकचकीत रंग दिलेला असो.

जुन्या कारला सोलापुरात मारतो तो उन्हाळा. आधीच्या मालकानं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घातलेलं असतं, क्षार साचून नळ्या बुजतात, मे महिन्यात इंजिन तापतं आणि हेड गॅस्केट उडतं. इंजिन गार असतानाच टोपण उघडा: गंजकट तांबडं पाणी दिसलं तर परत फिरा. टायरवरचे चार आकडे वाचा. 2318 म्हणजे 2018 चा 23 वा आठवडा. सहा वर्षांवरचे टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. पंधरा वर्षं झालेल्या कारच्या नोंदणीच्या नूतनीकरणाला 5000 रुपये फी लागते, पर्यावरण कर त्याहून वेगळा.

महिन्याला चार-पाच भरलेल्या फेऱ्या होत नसतील तर अल्टोच घ्या आणि हंगामात भाड्यानं पिकअप बोलवा. त्याहून जास्त असतील, किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून चादरींचे गठ्ठे रोज उचलायचे असतील, तर पिकअप. फेरीला जाताना ताडपत्री आणि दोर सोबत ठेवा. वाटेतल्या धुळीनं फळावरची चमक जाते आणि भाव तिथंच पडतो.