आमदाराची पारख कशावरून: सॅक्रामेंटोतलं मत की मुंबईतला प्रश्न?

हा आढावा दोन मतदारांसाठी आहे. एक महाराष्ट्रातला. झाडं, नदी, जात पंचायतीचा जाच, नागरी हक्क या विषयांवर आपला आमदार खरोखर कुठे उभा राहतो, हे त्याला मत देण्याआधी तपासायचं आहे. दुसरा मराठीच, पण फ्रीमाँट किंवा सॅन होजेला राहणारा आणि आता तिथला नागरिक. तो सॅक्रामेंटो या राजधानीत बसणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळासाठी मतदान करतो आणि त्यालाही हेच प्रश्न पडतात. दोघांच्या हाती येणारे कागद मात्र इतके वेगळे आहेत की एकाची पद्धत दुसऱ्याने वापरली तर हमखास फसगत होईल.

एकच पिशवी, दोन विधिमंडळं

प्लास्टिकच्या पिशवीचं उदाहरण घेऊ, कारण तिच्यावर दोन्हीकडे बंदी आली.

कॅलिफोर्नियात राज्यभर बंदी घालणारं विधेयक २०१० साली सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, १४ विरुद्ध २१ मतांनी पडलं. २०१३ मध्ये दुसऱ्या विधेयकाला १८ विरुद्ध १७ मतं मिळाली आणि तरीही ते पडलं. तिथे हजर सदस्यांचं बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यसंख्येचं लागतं. ४० जणांच्या सिनेटमध्ये २१. अखेर २०१४ मध्ये ‘एसबी २७०’ (सिनेट विधेयक क्रमांक २७०) खालच्या सभागृहात, म्हणजे असेंब्लीत, ४४ विरुद्ध २९ आणि सिनेटमध्ये २२ विरुद्ध १५ असं पार पडलं. मग पिशवी उत्पादकांनी सार्वमताची मागणी केली आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनीच कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. कायद्यात जाड पिशव्यांना वाट मोकळी राहिली होती, ती बुजवायला २०२४ मध्ये आणखी एक कायदा करावा लागला. या सगळ्या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर प्रत्येक सदस्याच्या नावापुढे नोंद आहे. २०१० ला विरोधात असलेला माणूस २०१४ ला बाजूने आला का, हे कुणालाही घरबसल्या पाहता येतं.

महाराष्ट्रात बंदी आली २३ मार्च २०१८ रोजी, अधिसूचनेने. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांची कैद, इतका कडक नियम. पण त्या दिवशी एकाही आमदाराने त्यावर मत दिलं नव्हतं. सरकारने २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याने मिळालेला अधिकार वापरला होता. पुढे व्यापाऱ्यांच्या दबावानंतर काही सवलती दिल्या गेल्या, त्याही अधिसूचनेनेच. म्हणजे बंदी कडक करताना आणि सैल करताना, दोन्ही वेळा विधानसभेत हात वर करायची वेळ आलीच नाही.

हे फक्त पिशवीपुरतं नाही. आरेतली झाडं ऑक्टोबर २०१९ मध्ये रात्रीतून पडली, तो निर्णय मुंबई महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचा होता. किनाऱ्यावर काय बांधायचं हे केंद्राची सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचना ठरवते. पश्चिम घाटातली कोणती गावं संवेदनशील क्षेत्रात धरायची, हा गाडगीळ समितीच्या २०११ च्या अहवालापासून चाललेला वादही केंद्राच्या अधिसूचनेभोवतीच फिरतो. त्यामुळे ‘आमच्या आमदाराने पर्यावरणाच्या बाजूने किती मतं दिली’ असा प्रश्न महाराष्ट्रात विचारला तर उत्तराचा कागद जवळजवळ कोरा असतो. तो कोरा आहे म्हणून आमदार निर्दोष ठरत नाही, आणि दोषीही ठरत नाही.

मत मोकळं आहे का?

जे विषय सभागृहात येतात, त्यांचं काय? बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष ‘होय’वाल्यांचा आवाज ऐकतात, ‘नाही’वाल्यांचा ऐकतात आणि निकाल सांगतात. नावानिशी मोजणी होते ती कुणी मतविभागणी मागितली तरच. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी तर नव्या सरकारचा विश्वासदर्शक ठरावसुद्धा आवाजी मतदानाने मंजूर झाला आणि त्यावरून मोठा वाद पेटला. उलट ४ जुलै २०२२ ला प्रत्यक्ष मोजणी झाली, १६४ विरुद्ध ९९. आपल्याकडे मोजणी होते ती अशी, सरकार तरणार की पडणार या प्रश्नावर. झाड, नदी किंवा बहिष्कार यांच्यासाठी ती कुणी फारशी मागत नाही.

मोजणी झाली तरी मत मोकळं नसतं. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षाचा आदेश, म्हणजे व्हिप, मोडून मत दिलं किंवा तटस्थ राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या किहोटो होलोहन निकालात सुचवलं होतं की व्हिपचा हा धाक सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूळ धोरण-कार्यक्रमाशी निगडित मतदानापुरताच असावा. कायदा मात्र होता तसाच राहिला. मला ही आपल्या लोकशाहीतली फार मोठी उणीव वाटते. साडेतीन लाखांच्या आसपास मतदारांनी निवडून दिलेल्या माणसाला, आपल्या भागातल्या खाडीवर भराव पडत असताना, पक्षाच्या प्रतोदाकडे बघून गप्प राहावं लागतं.

म्हणून महाराष्ट्रात मत वाचायचंच असेल तर ज्याच्यावर दुसऱ्याचा व्हिप नाही त्याचं वाचावं: अपक्षाचं, किंवा पक्षाच्या एकुलत्या आमदाराचं. १० जुलै २०२५ ला कडव्या डाव्या संघटनांवरच्या कारवाईसाठीचं विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झालं, तेव्हा सभागृहात त्याला विरोध केला तो डहाणूचे माकपचे एकमेव आमदार विनोद निकोले यांनी. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. तुम्ही त्या कायद्याच्या बाजूचे असा की विरोधातले, एका आमदाराची भूमिका इथे स्वच्छ दिसते. सभात्यागात सगळ्यांची मिळून एकच दिसते.

कॅलिफोर्नियातला जातीचा प्रश्न

वरच्या वर्णनावरून वाटेल की सॅक्रामेंटोत सगळं लख्ख आहे. तसं नाही, आणि मराठी मतदाराला हे पटवायला ‘एसबी ४०३’ इतकं चांगलं उदाहरण नाही.

जातीवरून होणारा भेदभाव कायद्यात नाव घेऊन निषिद्ध करावा, असं हे विधेयक सिनेटर आयशा वहाब यांनी २०२३ मध्ये मांडलं. अमेरिकेतल्या आंबेडकरी संघटना त्यामागे ठाम उभ्या राहिल्या; काही हिंदू संघटनांनी, यामुळे आपल्या समाजाकडे संशयाने पाहिलं जाईल, असं म्हणत कडाडून विरोध केला. बे एरियातली, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासची, मराठी घरंही दोन्ही बाजूंना होती. मे महिन्यात सिनेटमध्ये मतं पडली ३४ विरुद्ध १. पुढे असेंब्लीत दुरुस्ती होऊन जात हा वेगळा प्रवर्ग न राहता ‘वंश-पूर्वज’ या प्रवर्गाच्या व्याख्येत आली. ऑगस्टच्या अखेरीस असेंब्लीत मतं पडली ५० विरुद्ध ३. सप्टेंबरमध्ये दुरुस्त विधेयक सिनेटकडे परत आलं तेव्हा ३१ विरुद्ध ५.

आता असेंब्लीचा आकडा पुन्हा पाहा. सभागृह ८० जणांचं. पन्नास आणि तीन मिळून त्रेपन्न होतात. उरलेल्या सत्तावीस जागांचं मत कुठल्याच बाजूला पडलं नाही. यातले काही आजारी असतील, काही बाहेरगावी असतील. पण तिथे एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागत असल्यामुळे मत न देणं हे परिणामाने विरोधासारखंच असतं, आणि ज्याला दोन्ही समाजांना दुखवायचं नाही त्याला ते सोयीचं पडतं. मेमध्ये एकच विरोधक होता आणि सप्टेंबरमध्ये पाच झाले, यातही बरंच काही आहे. मधल्या चार महिन्यांत विधेयक सौम्य झालं होतं, तरी विरोध वाढला. तुमच्या सिनेटरने दोन्ही वेळा काय केलं ते शेजारी ठेवून बघा. दोन मतांत फरक असेल तर कारण विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मग तुम्ही कुठल्याही बाजूचे असा.

शेवटी ७ ऑक्टोबर २०२३ ला राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी, सध्याच्या कायद्यात असा भेदभाव आधीच निषिद्ध आहे, असं कारण देत नकाराधिकार वापरला. त्याचं श्रेय किंवा दोष असेंब्ली सदस्याला देऊ नये.

याच्या शेजारी आपला २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा ठेवा. जात पंचायतींच्या जाचाविरुद्ध असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. एप्रिल २०१६ मध्ये विधेयक एकमताने मंजूर झालं, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर २०१७ मध्ये अमलात आलं. अभिमान वाटावा अशी गोष्ट. पण एकमत झालं की वैयक्तिक पारख संपते. ज्या आमदाराच्या मतदारसंघात पंचायत एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकते आणि तो तिच्याच कार्यक्रमाला हार घालून घेतो, तोही त्या एकमतात आहे. फरक दिसतो तो नंतर: या कायद्याखाली किती गुन्हे नोंदले, किती खटले उभे राहिले, पोलीस तक्रार घ्यायला टाळाटाळ का करतात, हा प्रश्न पुढच्या अधिवेशनांत कुणी विचारला?

मुंबईत वाचायचा तो प्रश्न

म्हणून माझ्या मते महाराष्ट्रात आमदाराची खरी नोंद मतात नाही, प्रश्नात आहे. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, अशासकीय विधेयक (मंत्री नसलेल्या आमदाराने स्वतः मांडलेलं) ही आयुधं आमदाराच्या स्वतःच्या हातात असतात. त्यांना व्हिप लागत नाही. सत्ताधारी बाकावरचा आमदारही आपल्याच मंत्र्याला नदीप्रदूषणावर प्रश्न विचारू शकतो, आणि विचारला तर ते धाडस मोजायलाच हवं.

फक्त संख्येवर जाऊ नका. एका प्रश्नाखाली अनेक आमदारांची नावं जोडलेली असतात, त्यामुळे यादीत नाव असणं सोपं असतं. मंत्र्याचं उत्तर आल्यावर उभं राहून उपप्रश्न कुणी विचारला, ते कार्यवृत्तात सापडतं. ‘कारवाई सुरू आहे’ या उत्तरावर जो बसून राहतो आणि ‘कारखान्याला बंदची नोटीस कधी दिली, ती मागे कुणी घेतली’ असं जो विचारतो, त्या दोघांची नावं छापील यादीत सारखीच दिसतात. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं असेल तर समितीतल्या आमदाराने भिन्नमतपत्रिका, म्हणजे असहमतीचं टिपण, जोडली का, हेही पाहावं. तो सहीनिशी दिलेला कागद असतो, तिथे आवाजात आवाज मिसळता येत नाही.

सॅक्रामेंटोत प्रश्नोत्तराचा तास हा प्रकारच नाही. तिथे तुलना करायची तर समितीतल्या मतांकडे वळावं लागतं. वस्तीपासून तेलविहिरी दूर ठेवणारं विधेयक एप्रिल २०२१ मध्ये सिनेटच्या समितीतच अडलं: बाजूने ४, विरोधात ३, पण लागत होती ५. पुढच्या वर्षी वेगळ्या विधेयकाने ३,२०० फुटांचं अंतर कायद्यात आलं. ज्या सदस्याने सभागृहात दुसऱ्या विधेयकाला मत दिलं त्याने आदल्या वर्षी समितीत काय केलं होतं, हे पाहिल्याशिवाय त्याला शाबासकी देऊ नये. शिवाय खर्चिक विधेयकं अर्थ समितीच्या ‘सस्पेन्स फाइल’मध्ये जातात आणि वर्षातून दोनदा एकाच बैठकीत शेकड्यांनी निकाली निघतात, अडवून ठेवलेल्यांवर नावानिशी मत होत नाही. तिथला अंधार हा.

तयार गुणपत्रकं

वेळ नसेल तर लोक तयार गुणांकडे वळतात. मुंबईतल्या आमदारांसाठी प्रजा फाउंडेशन प्रगतिपुस्तक काढतं: उपस्थिती, प्रश्नांची संख्या आणि दर्जा, फौजदारी खटले. कष्टाचं काम आहे, पण ते मुंबईपुरतं, आणि ते सदस्याची कार्यक्षमता मोजतं. झाडाच्या बाजूने की बिल्डरच्या, हे त्यातून कळत नाही. मंत्री त्यात नसतात, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत.

कॅलिफोर्नियात ‘कॅलिफोर्निया एन्व्हायर्नमेंटल व्होटर्स’, ‘इक्वालिटी कॅलिफोर्निया’ अशा संस्था आपापल्या विषयावर गुण देतात. उद्योगांची चेंबर ऑफ कॉमर्स आपली वेगळी यादी काढते. प्रत्येकाने विधेयकं स्वतःच्या धोरणाप्रमाणे निवडलेली असतात. गुण पाहण्याआधी दोन गोष्टी तपासा: कोणती विधेयकं धरली, आणि मत न देणं कसं मोजलं. माझा सल्ला असा की पर्यावरण संस्थेची यादी आणि चेंबरची यादी समोरासमोर ठेवा. दोन्हीत असलेली विधेयकं म्हणजे खरी झुंज झालेली विधेयकं. तेवढ्यांवरची मतं वाचलीत तरी पुष्कळ झालं.

निवड करताना

फ्रीमाँटच्या मतदाराने अटीतटीची मतं आधी पाहावीत, २२ विरुद्ध १५ सारखी. ३४ विरुद्ध १ अशा मतदानात बाजूने पडलेल्या मताला फार किंमत देऊ नये. नंतर ‘मत दिलं नाही’ असे शेरे मोजावेत, आणि ते ठरावीक विषयांवरच येत असतील तर उमेदवाराच्या सभेत ते बोलून दाखवावं.

महाराष्ट्रातल्या मतदाराने उपस्थितीला सगळ्यात शेवटचं स्थान द्यावं. आपल्या तालुक्यातले दोन विषय निवडावेत, एक सामाजिक, एक पर्यावरणाचा: नदीत सोडलेलं कारखान्याचं पाणी, वाळूउपसा, वाळीत टाकलेलं कुटुंब, जे असेल ते. गेल्या पाच वर्षांत त्या दोन विषयांवर आमदाराने सभागृहात काय विचारलं, तेवढंच विधिमंडळाच्या संकेतस्थळावर शोधावं. काहीच सापडलं नाही आणि आमदार मंत्रीही नव्हता, तर तो त्या विषयांवर गप्प राहिला असं धरावं. नव्या उमेदवाराकडे अशी नोंद नसते. त्याला एवढंच विचारावं की या दोन विषयांवर पक्षाचा आदेश आड आला तर तुम्ही मतविभागणी मागाल का. पहिल्या मिनिटात सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणाऱ्याला, उत्तर काहीही असो, मी जास्त गुण देईन.