ओटीपी सांगितला नाही, तरी पैसे गेले

ठाण्यात कासारवडवलीला राहणाऱ्या माझ्या भावोजींच्या खात्यातून गेल्या महिन्यात लाखाच्या वर रक्कम गेली. त्यांनी कुणालाही ओटीपी सांगितलेला नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं तेच विचारतो.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खुद्द सेक्रेटरींच्या नंबरवरून एक फाईल आली. नाव ‘आरटीओ ई-चलान’, शेवटी ‘डॉट एपीके’, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप टाकायची फाईल. भावोजी रोज स्कूटरने माजिवड्यावरून जातात, त्यामुळे कधीतरी सिग्नल चुकला असेल असं त्यांना वाटलं. फाईल उघडल्यावर फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप टाकू द्यायचं का? मग विचारलं, या अ‍ॅपला एसएमएस वाचू द्यायचे का? दोन्हीला होकार गेला. पुढे चलान बघण्यासाठी एक रुपया भरायचं पान आलं, तिथे डेबिट कार्डाचा नंबर भरला गेला आणि चलान काही दिसलंच नाही. रात्री ते झोपलेले असताना बँकेचे ओटीपी फोनवर येत होते आणि ते अ‍ॅप परस्पर पुढे पाठवत होतं. सेक्रेटरींचा फोनही आधीच असाच चोरांच्या ताब्यात गेलेला, म्हणून फाईल त्यांच्या नंबरवरून आली. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा कोडही एसएमएसनेच येतो ना!

सकाळी ताईचा रडत फोन आला. “आधी त्यांचा फोन फ्लाइट मोडवर टाक,” म्हटलं, “आणि तुझ्या फोनवरून 1930 लाव, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.” तक्रार लगेच नोंदवल्यामुळे थोडी रक्कम समोरच्या खात्यात अडकवता आली. बाकीची तोवर पुढच्या खात्यांतून निघून गेली होती.

गंमत म्हणजे हेच भावोजी स्टेशनवर कधी फोन चार्जिंगला लावत नाहीत, डेटा चोरतात म्हणून. सेल्फी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी. पेगाससवर जेवताना तासभर बोलतील. अहो, तसलं महागडं हेरगिरीचं सॉफ्टवेअर पत्रकारांवर, पुढाऱ्यांवर खर्च करतात. तुमच्याआमच्या फोनला फुकटात पाठवलेली एक फाईल पुरते. माझ्या मते काळजी करायची तर या दोन परवानग्यांची करा, चार्जिंगच्या सॉकेटची नंतर.

बँकेत तर ऐकूनच घेईनात. “ओटीपी तुमच्याच फोनवर आलाय, साहेब.” ग्राहकाने न केलेल्या ऑनलाइन व्यवहाराचं नुकसान कुणी सोसायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम जवळ ठेवा; तो जुलै 2017 च्या परिपत्रकाने आला. चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल आणि बँकेकडून कळल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर शून्य भार. ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरला तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून बँकेला कळवल्याची तारीख-वेळ लेखी घ्या. 1930 ची पोच वेगळी, बँकेची वेगळी. आमच्याकडे दोन्ही आहेत, अर्ज चालू आहे.

भावोजींचा फोन फॅक्टरी रीसेट केला, पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलले. घरातल्या बाकीच्यांच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन व्हॉट्सअ‍ॅप आणि क्रोम या दोघांना अनोळखी अ‍ॅप टाकायची मुभा बंद केली. चलान खरंच आहे का हे परिवहन खात्याच्या ई-चलान साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येतं. भावोजींच्या स्कूटरवर एकही नव्हतं.