खाऱ्या टाकीतले बारके जीव: मोबाईल, यूएसबी मायक्रोस्कोप की मॅक्रो लेन्स?

पैसे फोटो देखणा यावा म्हणून घालायचे की जीव ओळखता यावा म्हणून, हे आधी ठरवलं की अर्धी खरेदी तिथेच वाचते. समुद्रापासून लांब, वरुड-मोर्शीकडे समुद्री जीवांची खाऱ्या पाण्याची टाकी लावली तर शेजारीपाजारी विचारायला कोणी नसतं. दगडावर काही वळवळलं की फोटोच कोणाला तरी पाठवावा लागतो. त्यात नुसता लालसर ठिपका असेल, तर समोरचा तरी काय सांगणार?

पहिला पर्याय खिशातलाच, मोबाईल. त्याची क्लिप लेन्स काहीशे रुपयांत येते. ती नसेल तर १० पटीचं भिंग घ्या; कपाशीवरचे फुलकिडे आणि संत्र्यावरचे कोळी पाहायला वापरतात तेच. कॅमेऱ्याला चिकटवून धरलं की भागतं. पण १० पटीच्या भिंगाला वस्तू साधारण २५ मिलिमीटरवर लागते आणि त्यातली बरीचशी जागा टाकीची काचच खाते. म्हणजे काचेवर किंवा काचेलगत असलेलाच जीव मिळतो. तेही कमी नाही. काचेला चिकटलेल्या पांढऱ्या, गुंडाळलेल्या नळ्या म्हणजे स्पायरॉर्बिड किडे, हे एवढ्यावर कळतं. काचेलगतच्या दगडावरचे नारिंगी-लाल चपटे किडे, मागच्या टोकाला तीन शेपट्यांसारखे भाग, तेही कळतात, आणि ते लवकर कळलेले बरे, कारण ते भराभर वाढतात.

यूएसबी मायक्रोस्कोप दोन-तीन हजारांच्या आसपास येतो. डब्यावरच्या ‘१००० एक्स’ला भुलू नका, चित्र पडद्यावर ताणून काढलेला तो आकडा. तरी खरा फायदा आहे: जीव टाकीबाहेर, बशीत पाहता येतो. दगडाखालून ड्रॉपरने कोळंबीसारखा एक बारका अ‍ॅम्फिपॉड उचला, टाकीच्याच पाण्यासकट पारदर्शक झाकणात सोडा आणि पाणी हळूहळू कमी करा. पाण्याचा पातळ थर उरला की तो कुशीवर पडतो, कारण त्याचं शरीर दोन्ही बाजूंनी दाबलेलं असतं. त्याचाच भाऊबंद आयसोपॉड वरून दाबलेला, तो पोटावरच राहतो. ही ओळख काचेबाहेरून काढलेल्या दहा फोटोंतून होत नाही. झाकणाखाली आलेख कागद ठेवला की मापही फोटोतच येतं. उपकरणाचे स्वतःचे दिवे पाण्यावर चमकतात. ते मंद करून बाजूने टॉर्च मारा. आणि उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीत हे काम काढू नका, टेबल थरथरतं.

मॅक्रो लेन्सचा प्रश्न निराळा. ९० ते १०५ मिलिमीटरची लेन्स पाच आकड्यांत जाते, कॅमेरा वेगळा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर १:१ प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर चित्र जिवाएवढंच पडलं तर, १ मिलिमीटरचा कोपेपॉड (आणखी बारका कवचधारी जीव) साधारण २५० पिक्सेलमध्ये बसतो. त्याचा एकुलता लाल डोळा आणि मादीच्या अंडपिशव्या दिसतील, पायांवरचे केस नाहीत. जे जीव उचलता येत नाहीत त्यांच्यासाठी मात्र हिला तोड नाही: झुडपासारखे वाढणारे हायड्रॉइड, चिकट जाळं टाकणारे व्हर्मेटिड शंख, एप्टेशिया हे उपद्रवी समुद्रफूल. कॅमेरा काचेला काटकोनात, फ्लॅश टाकीच्या वरून, निळे दिवे बंद, पंप बंद. आपल्याकडे पंप बंद करायलाही नको म्हणा, लाईन गेली की पाणी आपोआप थांबतं. रात्री गेली तर लाल कागद लावलेला टॉर्च घेऊन बसा. दिवसा दडलेले तेव्हा बाहेर निघतात.

माझं मत विचाराल तर पैसे स्टिरिओ मायक्रोस्कोपमध्ये, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायच्या कमी पटीच्या मायक्रोस्कोपमध्ये घाला. २० ते ४० पट, वस्तू आणि भिंग यांत बोटं व सुई जाईल एवढी जागा, आणि आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाईल लावून फोटो. अंबाल्याला बनलेले जुने नग महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून निघतात, ते चालतात. पॅथॉलॉजीवाल्याचा नेहमीचा मायक्रोस्कोप ४० पटीपासूनच सुरू होतो. जाड जीव त्याखाली धड मावत नाही. १४० पटीचा कागदी फोल्डस्कोपही स्लाइडपुरताच. माशांना छळणारा सिरोलॅनिड आयसोपॉड आणि अंग मुडपून गोळी होणारा निरुपद्रवी स्फिरोमॅटिड यांतला फरक डोळ्यांच्या आकारावरून आणि पोहण्यावरून ठरवायचा, तर स्टिरिओच लागतो. एक मात्र आहे, अ‍ॅम्फिपॉडची नेमकी जात सहसा फोटोत कळत नाही. ‘गॅमॅरिड’ या गटाच्या नावावर थांबावं.

मे महिन्यात बशीतलं चमचाभर पाणी लगेच तापतं आणि आटून आणखी खारट होतं, म्हणून जीव दोन-चार मिनिटांत परत टाकीत. फोटो आयनॅचरॅलिस्ट या जीव ओळखायच्या संकेतस्थळावर टाकलात तर ‘पाळलेला’ अशी खूण करा आणि जवळपासच्याच जाती सुचवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर ते अमरावती जिल्ह्यातले तळ्या-विहिरीतले जीव पुढे करत बसेल.