नियमित फेरफटका की वार्षिक निवासी शिबिर?

कर्मचाऱ्यांची एकाग्रता आणि आपसातील सहकार्य वाढावे म्हणून निसर्गाचा आधार घेऊ पाहणाऱ्या व्यवस्थापकापुढे सहसा दोन पर्याय असतात: कामाच्या दिवसांत झाडांमधून नियमित फेरफटका, किंवा वर्षातून एकदा रानातले निवासी शिबिर.

एकाग्रतेपुरते बोलायचे तर फेरफटक्याची बाजू भक्कम आहे. मानसशास्त्रज्ञ रेचल आणि स्टीफन कॅपलन यांच्या मांडणीनुसार, प्रयत्नपूर्वक एकाच कामावर खिळवलेले लक्ष थकते आणि पानांची सळसळ किंवा वाहते पाणी अशा, मनाला सहज गुंतवणाऱ्या गोष्टींच्या सहवासात ते पुन्हा ताजेतवाने होते. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांच्या २००८ सालच्या प्रयोगात वृक्षोद्यानातून सुमारे ५० मिनिटे चालून आलेल्यांची, ऐकलेले अंक उलट क्रमाने सांगण्याची क्षमता सुधारली. वर्दळीच्या रस्त्यांवरून चालल्यावर तसा फरक दिसला नाही. थंडीमुळे चालणे सुखद वाटले नाही तरीही लाभ झाला, ही बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण कर्मचाऱ्यांना निसर्गाची आवड असलीच पाहिजे ही अट त्यामुळे सैल होते.

शिबिराच्या बाजूने २०१२ सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला दिला जातो. त्यात चार दिवस उपकरणांविना रानात राहिलेल्यांची सर्जनशीलतेच्या चाचणीतील कामगिरी, निघण्यापूर्वी चाचणी दिलेल्यांपेक्षा ५० टक्क्यांनी सरस ठरली. मात्र हा परिणाम झाडांचा की मोबाइल दूर असल्याचा, हे त्यातून वेगळे काढता येत नाही.

सहकार्याच्या बाबतीत पारडे शिबिराकडे झुकते. तंबू उभारताना, चूल पेटवताना हुद्दे आपोआप बाजूला पडतात आणि एरवी गप्प राहणाऱ्याचे कौशल्य सर्वांना दिसते. फेरफटक्यात फार तर दोघा-तिघांचा मोकळा संवाद होतो. तथापि सक्तीच्या चढाओढी ठेवल्या, किंवा ज्यांना डोंगर चढणे वा घरापासून दूर राहणे शक्य नाही त्यांचा विचार केला नाही, तर तेच शिबिर गटात दुरावा निर्माण करते. (छायाचित्रे मात्र तरीही सुंदर येतात.) शिवाय वाद जबाबदाऱ्यांच्या अस्पष्ट वाटणीतून उद्भवला असेल, तर तो रानात मिटणार नाही.

एकाचीच निवड करायची असल्यास मी फेरफटका निवडेन, पण तो जेवणाच्या सुटीतून कापून न घेता कामाच्या वेळेतच ठेवावा. गट नव्याने जुळला असेल, किंवा सदस्य एरवी केवळ पडद्यावरच भेटत असतील, तर आधी शिबिर घ्यावे.